कोशकाराची कादंबरी : डॉ. श्री. व्यं. केतकर यांच्या उत्तरायुष्यातील एक वळण

मराठी कादंबरीकारांच्या पहिल्या कादंबरीचे वय पाहू लागलो, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. हरिभाऊ आपटे यांची ‘मधली स्थिति’ १८८५ साली प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. ना. सी. फडके तेविसाव्या वर्षी कादंबरीकार झाले. ‘रागिणी’ १९१५ साली आली तेव्हा वामन मल्हार जोशी तेहतीस वर्षांचे होते आणि १९३० साली ‘हृदयाची हाक’ लिहिणारे वि. स. खांडेकर बत्तीस वर्षांचे. या मंडळींत डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे सर्वस्वी वेगळे पडतात. १९२६ साली त्यांची ‘गोंडवनांतील प्रियंवदा’ प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांच्या वयाला बेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. त्याच वर्षी ‘परागंदा’ही आली. शिवाय त्या वेळी केतकर रिकामे नव्हते. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम अद्याप संपलेले नव्हते, आणि ते काम संपादनाइतकेच भांडवल, वर्गणीदार, छपाई व कर्ज यांचेही होते. अशा धामधुमीत एका कोशकाराने कादंबरीकडे वळावे याचा उलगडा आपल्या वाङ्मयेतिहासांनी बहुधा एका वाक्यात उरकला आहे : केतकरांना समाजशास्त्रीय विचार मांडावयाचे होते व त्यासाठी त्यांनी कादंबरीचे माध्यम वापरले. हा उलगडा खोटा नाही. तो अपुरा आहे. विचार मांडण्यासाठी त्यांच्यापाशी प्रबंध होते, नियतकालिक होते, तेवीस खंडांचा कोश होता. तरीही कादंबरी लिहावीशी वाटली, ती का, हा प्रश्न त्यामुळे शिल्लकच राहतो. केतकरांच्या चरित्राच्या आधारे त्याचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. शिक्षण अमरावतीस व पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात. पुण्याच्या सारस्वत वर्तुळापासून दूर, मराठी व हिंदी मुलुखांच्या सीमेवर गेलेल्या या बालपणाचा ठसा त्यांच्या विचारावर कायम राहिला. पुण्यामुंबईबाहेरचा महाराष्ट्र त्यांना नकाशावर शोधावा लागला नाही, आणि पहिल्याच कादंबरीच्या शीर्षकात ‘गोंडवन’ हा शब्द यावा हा योगायोग नव्हे.

१९०६ साली ते अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. १९११ साली त्यांना तेथील पीएच. डी. मिळाली. या वास्तव्यातच त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ सिद्ध झाला. त्याचा पहिला खंड १९०९ साली इथाका येथे निघाला. मनुस्मृतीच्या पुराव्यावरून तत्कालीन समाजस्थितीचा शोध हा त्याचा विषय. हिंदुत्वाची घडण व त्याचे भवितव्य यांवरील दुसरा खंड १९११ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. कादंबरीकार केतकरांचा विचार करताना या पहिल्या खंडातील जातीची व्याख्या बाजूला ठेवून चालणार नाही. त्यांच्या मते जात या समूहाची दोन लक्षणे. एक, तिचे सभासदत्व त्या जातीच्या सभासदांपोटी जन्मलेल्यांपुरतेच मर्यादित असते. दोन, या सभासदांना जातीबाहेर विवाह करण्यास कठोर सामाजिक नियमाने बंदी असते. पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने केलेली ही व्याख्या पुढे मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दुसऱ्या एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तपासून पाहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या जातिविषयक निबंधात सेनार, नेसफील्ड व रिस्ले यांच्या व्याख्यांबरोबर केतकरांची व्याख्या घेतली, त्यांच्या विवेचनाची कदर केली आणि ही दोन लक्षणे वस्तुतः एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत असे दाखवून दिले. बाहेर विवाह करता येत नाही म्हणूनच सभासदत्व जन्मापुरते उरते, हा तो मुद्दा. केतकरांच्या व्याख्येत जन्म आणि विवाह ही दोन दारे आहेत. जिच्यासाठी ही दोन्ही दारे धड उघडीही नाहीत आणि धड बंदही नाहीत, अशी मुलगी त्यांना भेटावयास अजून एकवीस वर्षे लागणार होती.

१९१२ साली ते परत आले. कलकत्ता विद्यापीठात काही काळ अध्यापन केले. १९१४ साली हिंदी अर्थशास्त्र व हिंदू कायदा या विषयांवर इंग्रजी पुस्तके लिहिली. एखादा शहाणा मनुष्य याच रस्त्याने गेला असता. केतकर मात्र विद्यापीठ सोडून मराठीत ज्ञानकोश करावयाच्या नादी लागले. त्यासाठी त्यांनी कोणा संस्थानिकाच्या देणगीची वाट पाहिली नाही. नागपुरास ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ’ या नावाची मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमविले. पुढे कार्यालय पुण्यास आले. ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ व ‘विज्ञानेतिहास’ हे पाच प्रस्तावनाखंड आधी, मग अकारविल्हे नोंदींचे शरीरखंड, अशी त्याची रचना होती. पहिला खंड १९२० साली निघाला आणि ते दशक संपता संपता एकूण तेवीस खंड पुरे झाले. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांच्यासारखे पुढील कोशकार या कामाच्या परंपरेतच तयार झाले. स्वतः केतकरांनी १९२७ साली ‘माझें बारा वर्षांचें काम’ या नावाने ज्ञानकोश मंडळाचा इतिहास लिहिला. त्यातील हिशेब, भांडणे व खटपटी वाचताना कोणाही वाचकास शंका यावी, की या माणसास गोष्ट सांगावयाची हौस मुळातच असावी. संस्थेचा अहवाल असा कोणी लिहीत नाही.

याच काळात त्यांच्या खासगी आयुष्यात एक घटना घडली, तिचा संबंध कादंबऱ्यांशी निकटचा आहे. लंडनमध्ये परिचय झालेल्या एडिथ कोहन या जर्मन ज्यू कुळातील विदुषीशी त्यांनी १९२० साली विवाह केला. व्रात्यस्तोम विधीने त्यांना हिंदू धर्मात घेण्यात आले आणि त्या शीलवतीबाई झाल्या. मॉरिझ विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या श्रीमती केतकर त्या ह्याच. या विवाहाची चर्चा पुष्कळदा सुधारकाचे धाडस म्हणून होते. मला त्यातील विधी अधिक अर्थपूर्ण वाटतो. नोंदणी करून मोकळे होणे केतकरांना शक्य होते. त्यांनी परंपरेच्या अडगळीतून एक वैदिक संस्कार शोधून काढला आणि बाहेरच्या माणसास आत घेण्याची सोय शास्त्रात होती, असे कृतीने दाखविले. ज्याने समाजाची व्याख्या सभासदत्वावरून केली, त्याच्या घरातच आता सभासदत्वाचा प्रश्न राहावयास आला. विधी एका दिवसात उरकतो, पण समाजाने त्या माणसास आपले म्हणणे ही गोष्ट रोजच्या व्यवहारात, शेजारीपाजारी, हळदीकुंकवात, आमंत्रणांत ठरत असते.

ज्ञानकोशाच्या रचनेकडे या दृष्टीने पाहावे. कोशात जातीस नोंद मिळते, पंथास मिळते, गावास, वनस्पतीस, राजघराण्यास मिळते. नोंद मिळण्यासाठी वस्तूस एक निश्चित नाव असावे लागते. ज्या व्यक्तीचे नावच कोणत्या अक्षराखाली घालावे हे ठरत नाही, तिला कोशात जागा नाही. बाप ब्राह्मण, आई रखेलीची मुलगी. अशा घरातील मुलगी कोणत्या जातीच्या नोंदीत बसवावयाची? हा दोष केतकरांच्या कोशाचा नसून कोश या प्रकाराचाच आहे, आणि ज्याने बारा वर्षे नोंदी लिहिल्या, तपासल्या, कापल्या, त्याला तो इतरांपेक्षा अधिक जाणवला असल्यास नवल नाही. कादंबरीकडे वळण्याचे कारण मला येथे दिसते. आपल्या समाजाचे समग्र वर्णन करावे ही त्यांची आयुष्यभराची आकांक्षा होती. प्रबंधाने तिचा नियम सांगितला, कोशाने साहित्य पुरविले, आणि तरीही जे उरले त्यासाठी त्यांना चाळिशी उलटल्यावर एक नवा वाङ्मयप्रकार पहिल्यापासून शिकावा लागला.

त्यांच्या कादंबऱ्यांची नुसती शीर्षके पाहिली तरी हे ध्यानी येईल. ‘परागंदा’ म्हणजे गाव सोडून गेलेला. ‘भटक्या’ म्हणजे ज्याला ठिकाणा नाही असा. १९२६ च्या दोन कादंबऱ्यांनंतर १९२७ साली ‘आशावादी’, १९३० साली ‘गांवसासू’ व ‘ब्राह्मणकन्या’, आणि अखेरीच्या काळातील ‘विचक्षणा’ व ‘भटक्या’ अशा एकूण सात कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. दहाअकरा वर्षांतील ही निर्मिती आहे. तिच्या जोडीला ‘निःशस्त्रांचे राजकारण’ (१९२६), ‘महाराष्ट्रीयांचे काव्यपरीक्षण’ (१९२८) आणि ‘प्राचीन महाराष्ट्रा’चे सातवाहन पर्व (१९३५) हे ग्रंथ चालूच होते. १९३१ साली हैदराबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. गुजराती ज्ञानकोशाचा खटाटोपही त्यांनी केला; तो पुरा झाला नाही.

या सर्वांत ‘ब्राह्मणकन्या’ हीच श्रेष्ठ, याबद्दल फारसा मतभेद नाही, आणि तिच्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. कालिंदी डग्गे ही तिची नायिका. वडील आप्पासाहेब डग्गे हे ब्राह्मण. आई शांता ही मंजुळा नावाच्या रखेलीची मुलगी. आप्पासाहेबांनी तत्त्वासाठी विवाह केला. त्या तत्त्वाची किंमत मात्र पुढच्या पिढीकडून वसूल होते. कालिंदी सुशिक्षित आहे, घर सुस्थितीतील आहे, आडनाव ब्राह्मणाचे आहे. परंतु ब्राह्मणाच्या घरातून तिला मागणी येणार नाही, आणि ती स्वतः ब्राह्मणकन्या म्हणून वाढली असल्याने दुसरा समाजही तिला आपला वाटत नाही. १९०९ सालच्या व्याख्येतील जन्म व विवाह ही दोन लक्षणे येथे एका मुलीच्या देहावर येऊन आदळतात. ती शिवशरणाप्पा या लिंगायत तंबाखूच्या व्यापाऱ्याबरोबर विवाहावाचून राहू लागते, तिला मूल होते. तो संबंध टिकत नाही. एस्तेर या बेने इस्रायल मैत्रिणीचा आधार, मजुरांच्या प्रश्नांशी आलेला संबंध व अखेर रामरावांशी विवाह, असा तिचा पुढील प्रवास आहे. या कथेच्या कडेने वैजनाथशास्त्री धुळेकर नवी स्मृती रचण्याच्या उद्योगात आहेत. विवाहाचे प्रकार, संततीचा दर्जा, स्त्रीचा हक्क यांची नव्याने व्यवस्था लावावी असा त्यांचा खटाटोप. तरुण वयात मनुस्मृतीवर प्रबंध लिहिलेल्या लेखकाने शेहेचाळिसाव्या वर्षी एक काल्पनिक स्मृतिकार निर्माण करावा, यात विनोद आहे. केतकरांना तो कळला नसेल असे मानण्याचे कारण नाही, कारण शास्त्रीबुवांची स्मृती एकीकडे सिद्ध होत असते आणि कालिंदीचे आयुष्य तिची वाट न पाहता पुढे जात असते.

एस्तेरमध्ये शीलवतीबाई शोधण्याचा मोह होतो, तो आवरावा. कोकणातील मराठी बोलणारी बेने इस्रायल मुलगी आणि मध्य युरोपातील ज्यू विदुषी यांच्यात धर्माखेरीज फारसे साम्य नाही. चरित्राचा उपयोग पात्रांची ओळखपरेड करण्यासाठी होऊ लागला, की कादंबरीचे वाचन थांबते. मात्र बाहेरची समजली जाणारी स्त्री ही आतल्या स्त्रीची मैत्रीण होते व तिला सावरते, ही कल्पना ज्या घरात सुचली ते घर आपल्याला ठाऊक आहे, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

पदव्युत्तर वर्गात ‘ब्राह्मणकन्या’ शिकविताना बहुतेक दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच, की ही कादंबरी आहे की निबंध? प्रश्न रास्त आहे आणि तो झटकून टाकू नये. केतकरांचे निवेदन रुक्ष आहे. पात्रे बोलावयास लागली की थांबत नाहीत. निवेदक मधेच येऊन एखाद्या रूढीची कारणमीमांसा करू लागतो आणि प्रसंग तसाच लोंबकळत राहतो. निसर्ग जवळजवळ नाही; प्रेमाच्या प्रसंगी लेखक अवघडून जातो. फडक्यांच्या ‘जादूगार’ (१९२८) व ‘दौलत’ (१९२९) या कादंबऱ्यांनी वाचकांना रचनेची व भाषेच्या सफाईची चटक लावली होती. ‘प्रतिभासाधन’ १९३१ साली आले आणि तंत्राची चर्चा शास्त्र म्हणून होऊ लागली. अशा हवेत केतकरांच्या कादंबऱ्या ओबडधोबड वाटल्या यात वाचकांचा दोष नाही. विशीत कादंबरी लिहिणारा लेखक हे दोष एकदोन कच्च्या कादंबऱ्यांत फेडून टाकतो. बेचाळिसाव्या वर्षी आरंभ करणाऱ्यापाशी तेवढा वेळ नसतो, आणि केतकरांची लेखनशैली तोवर कोशाच्या नोंदींनी घडून गेली होती. उशिरा आरंभ केल्याची ही किंमत त्यांनी पुरेपूर मोजली आहे. चाहत्यांनी ती लपवू नये.

परंतु त्याच उशिरामुळे जे आले तेही पाहावे. केतकरांच्या कादंबरीत माणूस काय कमावतो हे कळते. तो कोणता धंदा करतो, त्याची जात त्या धंद्यात कोठे आड येते, त्याची मालमत्ता कोणाकडे जाईल, त्याच्या मुलाचे आडनाव काय लागेल, कोणाच्या पंक्तीस तो बसू शकेल, या गोष्टी तेथे कथानकाच्या मुळाशी असतात. शिवशरणाप्पा तंबाखूचा व्यापारी आहे हे केवळ रंगभरणीसाठी आलेले नाही. पुणेरी मध्यमवर्गाबाहेरील पैसा, त्यातला आत्मविश्वास व त्यातला हिशेबीपणा हे सर्व त्याच्याबरोबर कादंबरीत येते. लिंगायत, बेने इस्रायल, रखेलीचे कुळ, मजूर, सुधारक ब्राह्मण, शास्त्री, असा समाजाचा एवढा रुंद पट्टा १९३० पूर्वीच्या मराठी सामाजिक कादंबरीत एकत्र आलेला मला आढळलेला नाही. आणि कालिंदीला लेखक शिक्षा करीत नाही. विवाहावाचून राहिलेली व मूल झालेली नायिका त्या काळच्या कादंबरीत बहुधा विहिरीत तरी जाते, नाही तर क्षयाने तरी मरते. कालिंदी काम शोधते. हरिभाऊंच्या यमूने (‘पण लक्षांत कोण घेतो?’) सोसले ते सर्वांना समजले, कारण ती पूर्णपणे आतली होती. कालिंदीचे दुःख समजावयास समाज कसा चालतो हे आधी समजून घ्यावे लागते, आणि ते समजावून देण्याच्या भरात केतकर निबंधकार होतात. त्यांच्या कादंबरीतला निबंध हा दोष आहेच; पण तो तेथे का आला, हे ह्या अडचणीतून कळते.

शेवटची वर्षे सुखाची नव्हती. ज्ञानकोशाने कीर्ती दिली, स्थिर उत्पन्न दिले नाही. मधुमेहाने शरीर पोखरले होते. लेखन तरीही थांबले नाही. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. कादंबरीकार म्हणून त्यांना लाभलेला काळ उणीपुरी अकरा वर्षांचा, म्हणजे कोशास दिलेल्या काळाहूनही थोडा कमी.

द. न. गोखले यांनी लिहिलेले विस्तृत चरित्र १९५९ साली आले आणि त्यांच्या आयुष्याची साधार मांडणी झाली. शीलवतीबाईंनीही पतीच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ या नावाने आपल्या आठवणी मराठीत लिहिल्या. कादंबऱ्यांचा स्वतंत्र व सविस्तर विचार मात्र दुर्गा भागवत यांच्या ‘केतकरी कादंबरी’ या ग्रंथाने १९६७ साली केला. समाजशास्त्र व लोकसाहित्य यांच्या अभ्यासक असलेल्या दुर्गाबाईंना या कादंबऱ्यांतील समाज दिसावा हे स्वाभाविकच होते. विशेष हे, की त्यांनी तो कादंबरी म्हणून वाचला. केतकरांच्या मृत्यूला तोवर तीस वर्षे झाली होती.